सुटी गोळी

काउंटरवरची कात्री बोथट झाली की
मालक म्हणतात, धार लावून आण.
तिच्यावाचून दुकान चालत नाही.
दहाची अख्खी पट्टी कोण घेतं नंदुरबारात,
मिरचीच्या हंगामात, मजुरी हाती पडायच्या आधी?
एक दे. दोन दे.
मी पट्टी कापतो,
नावाचे तुकडे होतात:
कुणाच्या मुठीत अर्धं नाव,
कुणाच्या मुठीत नुसती किंमत,
कुणाच्या मुठीत संपायची तारीख.

उर्मिला वसावे सातच्या सुमारास यायची
पथारीवरून, ओढणी तोंडावर, नखांत लाल.
"दादा, डोकं दुखस. एक गोई दे."
मी वर काही विचारायचो नाही.
डोकं कुणाचं दुखत नाही?
माझंही दुखतं, मीही खातो,
बरणीतल्या लिमलेटसारखी, हिशेबात न धरता.

ती तिथंच पाणी मागून गोळी गिळायची
आणि रिक्षा भरेपर्यंत बाकावर बसायची.
रिक्षा भरायला अर्धा तास, कधी तास.
रोज नाही, पण बऱ्याचदा,
शेवटचं गिऱ्हाईक चढता चढता
तिचं नाक गळू लागे, चेहरा तांबारे,
आणि छातीतून एक आवाज येई,
चीर गेलेल्या पावरीतून यावा तसा.

सगळ्यांना ठाऊक होतं ते काय आहे.
रिक्षावाला म्हणे मिरची.
मालक म्हणत मिरची.
तिची आई म्हणे, मिरचीच ती, माझीही छाती अशीच गेली.
एवढे मोठे लाल ढीग गावाबाहेर,
दुसऱ्या कुणावर आळ घ्यायला
जागाच उरली नव्हती.
मी खोकल्याची बाटली दिली.
खोकून डोकं चढलं, म्हणून
अजून एक गोळी.

जानेवारीत दुकानासमोर
हातगाडीवरच्या पोत्याची शिवण उसवली.
अख्खी गल्ली ठसकली.
मालक, मालकांचा नातू, समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून.
ती आपली बसलेली, गार.
"तुला नाही लागत?"
"माले वासच येत नही. दोन वरीस व्हयनात."

मग कधी दम लागतो, ते ती सांगत गेली.
सुटीच्या दिवशीही.
पाळीच्या दुखण्यात, मामाच्या गावी,
जिथं मिरचीचं एक रोपही नाही.
मी उधारीची वही काढली.
गोळ्यांच्या तारखा माझ्याच अक्षरात होत्या.
दमाच्या तिनं आठवल्या:
हाटाचा दिवस, भोंगऱ्याचा दिवस, पेपरचा दिवस.
शेजारी शेजारी लिहिल्या.
अकरांपैकी नऊ.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं.
नाकात उजेड टाकून बघितलं,
आत सोललेल्या द्राक्षासारखं काहीतरी.
म्हणाल्या, काहींना होतं असं. सगळ्यांना नाही.
गोळी वाईट नाही,
हिच्या छातीला ती चालत नसावी.
आणि मिरचीला लगेच सोडू नका,
तिचंही नाव राहू दे कागदावर.

नसावी.
तीन वर्षांत काउंटरवर
हा शब्द मी एकदाही वापरला नव्हता.

आता तिच्या पिशवीत पंप असतो.
डोकं दुखलं तर वेगळी गोळी, तीही विचारून, मोजून.
कधी कधी नुसतं दुखू देते.

बाक तसाच भरतो सातला.
बहुतेक माझ्याच वयाची पोरं.
मी कात्री उचलून विचारतो,
आधी कधी दम लागलाय का रे गोळी घेऊन?
हसतात. "तू डॉक्टर कधीपासून? गोई दे ना भो."
मालक गल्ल्यावरून बघतात.
मी पुडीवर गोळीचं नाव लिहितो, पूर्ण,
आणि पुडी दाराबाहेर पडते, कुणी वाचत नाही.

रात्री शटर ओढण्याआधी
श्वास धरून, मग सोडून,
स्वतःच्या छातीला कान देऊन बघतो.
काहीतरी वाजतं.
शटरच असेल.