फरशीवरची नावं

पाद्री एर्वीनो रायतूरहून फेरीनं आले,
मांडीवर पिशवी, पिशवीत कागद, कागदावर
मला न वाचता येणारी एक ओळ.
शिरोड्याच्या धक्क्यापासून माझं दुकान चाळीस पावलं,
त्यांना साठ लागली. गुडघे.

मी नावं कोरतो. दुसरं काही येत नाही.
देवळाच्या फरश्यांवर देवनागरीत:
अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याचा नवस.
सिमितेरीच्या दगडांवर रोमीत: जन्म, मरण, मधे रेघ.
छिन्नी तीच. संगमरवर एकाच ट्रकातून उतरतो
आणि कुठं जायचंय ते विचारत नाही.

"ग्रीक," ते म्हणाले. "चाळीस वर्षं शिकवलं पोरांना.
पोरं पाद्री झाली आणि विसरली."
मग चहा येईतो त्यांनी सांगितली
दूरच्या समुद्राकाठची गावं,
जिथं यहुदी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली,
बाजाराचीच भाषा घरात बोलू लागली,
दरवर्षी यरुशलेमच्या देवळाला पैसा पाठवत राहिली
आणि प्रार्थनेला जागा शोधली ती पाण्याजवळ.

"एका सभास्थानाच्या जमिनीत
रंगीत खडे बसवून लिहिलंय:
एवखारिस हिनं नवस फेडून शंभर फूट फरशी घातली."

मी हसलो. कालच कोरली होती
कुमुदिनी रायकर, वास्को. चार फूट.

"उंबऱ्याशी बसणारेही असत," पाद्री म्हणाले.
"यहुदी नव्हेत, तरी शनिवारी येत,
दिव्याला तेल देत, पूर्ण आत जात नसत.
आमची पहिली पत्रं त्यांच्याच कानावर पडली,
त्याच बाकांवर.
भांडण पेटलं तेही तिथंच.
घरातलं भांडण, म्हणून एवढं कडू."

बशीत चहा गार होत होता.

"पुढं एका भावाला राज्य मिळालं.
राज्य मिळालेला काय करतो
ते तुझ्या देवीला विचार."

कामाक्षी. मूळची रायची, पाद्रींच्या गावची.
आजा सांगायचा, रात्रीची आली, हीच नदी ओलांडून,
भाताच्या पाटीत, वर पेंढा,
होडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

"तुझा पणज्याचा पणजा होडीत बसला,
माझा काठावर राहिला," ते म्हणाले.
"त्याला नवं नाव मिळालं.
मग कुणीतरी येऊन मोजू लागलं
त्याच्या घरात अजून कुठली वात जळते.
फरक म्हणशील तर एवढाच. एक होडी."

मी कागद उलगडला. "हे कुणाचं?"

"माझं. घाई नाही.
'शांतीत त्याची झोप.'
रोमच्या भुयारांत दोघाही भावांनी हेच कोरलंय.
एकाच्या ओळीखाली समई असते, सात फांद्यांची,
दुसऱ्याच्या खाली मासा, कधी नांगर.
चित्र झिजलं की मेलेला कोणाचा
यावर विद्वान भांडतात."

"मग खाली काय काढू?"

फेरीनं भोंगा दिला. ते उठले,
टेबलाला धरून थोडे उभे राहिले.
"काही नको. बोटभर जागा सोड.
आणि दगड नीट घास, गेल्या वेळी
मावशीच्या दगडावर पाणी साचलं होतं."

रात्री तडकलेल्या फरशीच्या पाठीवर
अक्षरं गिरवून पाहिली.
त्यांतलं एक थेट आपल्या तीनासारखं,
फक्त रुसून भिंतीकडे तोंड केलेलं.
सवयीचा हात तीनच काढतो.
तीनदा चुकलो.
फरशी सुलटी केली तर वर राईकर;
पोरानं ऱ्हस्वदीर्घाचा घोळ घातला, म्हणून बाद झालेली.
रायकर म्हणजे रायचा.
चार फूट फरशी देणाऱ्या बाईनं
ते गाव बहुधा फेरीतूनच पाहिलं असेल.

उलटी केली पुन्हा.
पुन्हा ते अक्षर.