आय आणि ओ सोडून

रेडीला जहाजं येईनाशी झाली
तेव्हा इनास लोबोचा बार बसला,
आणि इनास गेल्यावर सेसिलबाईने
टेबलं विकली, फ्रीज विकला, पंखे विकले.
राहिला हा.
कपाटाएवढा, पोट सुटलेला,
कपाळावर मुंडावळ्यांसारखे प्लॅस्टिकचे दिवे.
ती म्हणाली, बारा. मी म्हणालो, आठ.
ती म्हणाली, तुला वाजवायचाय की आत कोंबड्या ठेवायच्यात?
दहावर तुटलं, वर वर्षभराचे काजूगर.

टेंपोत गाद्या घातल्या.
मोचेमाडच्या उतारावर आतून काहीतरी एकदाच वाजलं,
ठण्ण.
गजबा ड्रायव्हर म्हणाला, जीव आहे.

घरी मागच्या पडवीत आधीच
एक पाय मोडका पिनबॉल,
जत्रेत म्हातारा झालेला मोटारींचा खेळ,
आणि बंदुकीचा एक, ज्यातली बदकं मरत नाहीत.
शालन म्हणाली, लोक निवृत्त होऊन देवळात जातात,
तुम्ही भंगारात.
पण दिवा तिनेच धरला.

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली.
मागचं झाकण काढलं तर ओळखीचंच बिऱ्हाड:
रिले, सिलेक्टर, दात मोजत सरकणारं चाक.
फक्त पलीकडच्या टोकाला माणसाऐवजी तबकडी.
खाऱ्या वाऱ्याने तांब्याला हिरवं मिसरूड फुटलेलं.
पालीची चार अंडी. रबराची काकवी.
पितळ घासलं आमसुलाच्या पाण्याने,
रिलेची टोकं पोस्टकार्डाच्या पट्टीने,
जशी घासायचो रात्रपाळीला.
एक व्हॉल्व्ह मिळाला कोल्हापुरात,
दुसरा बेळगावच्या एका जुन्या भोंग्याच्या पेटीत.

मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टी होती, काळी, मळकी.
घाण समजून सोलून काढली.
मग गाणं लागलं ते असं,
की बाई गाते आणि आवाज तिच्या सासऱ्याचा.
तीन दिवस मी व्हॉल्व्हना शिव्या घातल्या.
चौथ्या दिवशी कळलं:
हे यंत्र साठ हेलकाव्यांच्या विजेचं,
आपल्याकडे पन्नास.
मधले दहा इनासने
पट्टीचे वेढे देऊन भरून काढले होते,
हाताने, कानाने.
मी पुन्हा गुंडाळत बसलो.
चार वेढे, कमी. पाच, जास्त.
साडेचारला बाई बाई झाली.

बटणांवर इंग्रजी अक्षरं, ए ते व्ही.
मधे आय नाही, ओ नाही.
कारण साधंच आहे, मला ठाऊक आहे,
एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून.
तरी रात्री एकटा होतो,
हाक मारायला आय नाही
आणि हाकेला ओ नाही,
असं मनात आलं,
आणि पान्हा हातातच राहिला थोडा वेळ.

चार आण्याशिवाय तो जागा होत नाही,
आणि चार आणे तर बाजारातून केव्हाच गेले.
शालनच्या हळदीच्या डब्यात तेवीस निघाले, पिवळे.
तेवढंच भांडवल.
पेटीतून काढायचे, पुन्हा घालायचे.

सेसिलबाई आली शिरोड्याच्या गाडीने,
पिशवीत काजूचा हिशोब.
दिवे बघून काही बोलली नाही.
नाणं घातलं, आणि न बघता
दोन बटणं दाबली, के आणि सात,
जसा माणूस अंधारात स्वतःच्या घराची कडी काढतो.

चाक फिरलं, थांबलं, हात खाली आला
आणि लागलं भलतंच.
सिलेक्टर एक घर पुढे जातोय.
राँग नंबर, मी म्हणालो, थांबा,
स्क्रू आहे एक, अर्धा फेरा,
दोन मिनिटांचं काम.

तिने हात आडवा केला.
स्टुलावर बसून पूर्ण ऐकलं,
तबकडीच्या शेवटी सुईची खरखर झाली तीही.
"ऱ्हवांदे," म्हणाली. "ह्यां मी कधी ऐकूकच नाय होतां.
इनास के-सातच लावी सारखो."

काजू पाव किलो कमी निघाले.
स्क्रू तसाच आहे.