साकु

बस्त्याव मास्तर म्हणायचे,
मारायला कोण बी मारतंय बे.
वडगावातलं शेंबडं पोरगं बी पातेल्यावर मारतंय.
धरायला शिक.

खासबागेत, मागमालकाच्या माळ्यावर,
खाली बारा माग खडखडत असताना
त्यांनी माझा डावा हात घेतला
आणि क्रॅशच्या कडेला लावला.
अंगठा वर, चार बोटं खाली,
तव्यावरची भाकरी उचलावी तशी.
उजव्या हाताची काडी पडली की
आवाज अजून पुरता जन्मायचा असतो,
तेवढ्यात.
आधी धरलंस तर नुसतं टिक्,
पत्र्यावर लिंबोळी पडल्यागत.
उशिरा धरलंस तर
वरात गेली पुढं, आणि तू अजून चप्पल शोधालायस.

मी आधी धरायचो. मग उशिरा.
मग एकदा कडेनं तर्जनी कापली.
दुसऱ्या दिवशी तुटलेला धागा बांधताना
साडीच्या काठाला डाग लागला,
मालकानं ऐंशी रुपये कापले.
मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत.
नख बघ माझं, म्हणाले.
आडवं फुटलेलं, जांभळं,
फौजी बँडातली एकोणीस वर्षं त्याच्याखाली साकळलेली.

मग त्यांनी मला एक शब्द दिला.
बायको खानापूरकडची, देवाशी कोकणीत बोलायची,
पोरं शाळेत कन्नड, पावाच्या भट्टीवर मराठी,
पण पुरे म्हणायचं असलं की त्या घरात सगळे
कन्नडात म्हणायचे. साकु.
ताटात भात पडताना तळहात आडवा, साकु.
सा वर काडी,
कु वर बोटं.
महिनाभर मी माळ्यावर बसून
न वाढलेला भात नको म्हणत राहिलो.

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागचं कार्यालय,
कुणा तेलवेकरांच्या मुलीचं रिसेप्शन.
की-बोर्डवर इराप्पा, गायला मालन.
स्टँडवरचा फेल्ट झिजून गेलेला,
तिथं मी जुन्या पायताणाचं चामडं गोल कापून घातलेलं.
शेवटच्या गाण्याला शेवटी तीन ठोके,
तिन्ही धरायचे.
पहिला, साकु.
दुसरा, साकु.
तिसऱ्यावर काडी पडली
आणि वीज गेली.

इराप्पाचा सूर अर्ध्यात तुटला.
माइक गेला. मालनचं तोंड उघडंच राहिलं असणार.
पंखे आपापल्या ओझ्यानं मंद होत गेले.
अख्ख्या कार्यालयात वाजणारी एकच वस्तू उरली,
माझ्या डाव्या हातापासून बोटभर लांब.

हात निघाला होता. पोचलाही होता.
कडेच्या दोन्ही अंगांना बोटं उघडी,
त्यांना काशाचा वारा लागत होता.
मालक स्विच पाडतो तेव्हा माग थांबतात
पण आपल्या अंगात चालूच राहतात थोडा वेळ,
तसं काहीतरी.
नाही, तसं नाही. मागाला गोडी नसते.
हे आधी झळझळीत, मग रुंद, मग
आडात सोडलेल्या दोरासारखं,
हातातून सरतंय आणि अजून पाणी लागत नाही.
सात वर्षं वाजवतोय,
हे शेवटपर्यंत काय म्हणतं ते मला ठाऊक नव्हतं.
दर खेपेला गळ्याशी माझाच हात.

पंगतीतून कोणी म्हातारं
अंधारात वाढप्याला म्हणालं, साकु रे, साकु.
माझी बोटं मिटली.
सवयीनं. मी नव्हती मिटवली.

जनरेटर लागला. टाळ्या पडल्या, बहुतेक उजेडासाठी.
शेवटचा लई उशिरा धरलास की बे, इराप्पा म्हणाला.
मालन वायरी गुंडाळत होती.
ती माझ्याकडं एकदा बघून परत वायरी गुंडाळायला लागली.

मंगळवारी माळ्यावर मास्तरांनी
माझी तर्जनी उजेडाला धरली.
घट्टा पडलाय, म्हणाले, आता बरं.
त्यांना ते अंधारातलं सांगावं असं मनात आलं.
खाली बारा माग चालू होते,
ओरडून सांगावं लागलं असतं.