लंबक धरून

नोव्हेंबरचा पहिला रविवार.
साडेसात वाजून गेले, शर्वरीचा फोन नाही.
मग लक्षात आलं: शिकागोत आज पहाटे
दोनाचा एक केला असणार.

चाळीस वर्षं भाऊसिंगजी रोडवर
डोळ्याला भिंग लावून बसलोय मी.
दिवसाला अर्धं मिनिट पुढं पळतंय म्हणून
माणसं भांडून गेलीत माझ्याशी.
आणि तिकडं अख्ख्या मुलखाचा एक तास
मार्चात काढून घेतात,
पहाटेचा उजेड झोपेत वाया जाऊ नये,
संध्याकाळी अंगणात उरावा, म्हणून.
आता परत देतात.
उसनवारीच. व्याज नाही.

मागल्या साली गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
हे सांगितलं, तर बाळू चौगले
धार न थांबवता म्हणाला,
"आणि म्हशीला कोण सांगणार, भावा?"
फेसाळ ग्लास पुढं केला.

आठवडाभरात अंबाबाईच्या पायांवर ऊन येईल,
मावळतीचं, त्याच्या त्याच्या वेळेला.
ढग नसले तर.

दुकानात एक घड्याळ पोरीच्या वेळेवर असतं.
टोल्याचं. त्याचे काटे
मागं ओढायचे नसतात, आतनं बिघडतं.
वडिलांनी दिलेली रीत एकच:
लंबक धरायचा, तास जाऊ द्यायचा.

बोट लावून थांबवलाय.
शेजारची शटरं पडतायत.
कुणीतरी विचारतं, बंद पडलं काय?
मी मान हलवतो, हो की नाही
ते माझं मलाच कळत नाही.

साडेआठ. "बाबा, जेवलात?"

बोलत राहिलो.
लंबक सोडायचा राहूनच गेला.