व्यस्त प्रमाण

लेमुई बेटावर रोसाल्बाचं घर हलवायचं होतं.
भिंती, छप्पर, खिडकीतला पडदासुद्धा तसाच ठेवून
ओंडक्यांवर चढवायचं, बैलांनी ओढायचं,
किनाऱ्यापासून वर, टेकडीच्या खांद्यापर्यंत.
मजुरी नाही. जेवण हीच मजुरी.

मी शाळेत नवी. मुलांना गुणोत्तर शिकवते,
एवढ्यावरून जेवणाचा हिशेब माझ्या गळ्यात पडला.
वही उघडून विचारलं, माणसं किती?
एदुविना नाउएलकिन खड्ड्यात उभी होती, कमरेइतकी.
म्हणाली, माणसं कशाला मोजतेस? बैल मोज.
एका जोडीमागे सहाजण.
एक हाकणारा, दोन दोराला, दोन ओंडक्यांना,
आणि एक नुसता ओरडणारा.
त्याला भूक जास्त लागते.

नऊ जोड्या. नऊ सक चोपन्न.
माणशी चार बटाटे, जांभळ्या सालीचे, मुठीएवढे :
दोनशे सोळा.
मी खाली दोन रेघा मारल्या.

शिंपले माणशी एक किलो लिहिले
तर ती हसली, किलोतलं पाऊण किलो
त्यांचं घरच आहे, बाई.

आणि दगड? माणसं दुप्पट, तर दगड दुप्पट?
ते खड्ड्याला विचारायचं, तुझ्या वहीला नाही.

तापून पांढरे पडलेले दगड, त्यावर शिंपले,
धुरावलेलं डुकराचं मांस, बटाटे,
वर नाल्काची छत्रीएवढी पानं,
त्यावर गवतासकट मातीची ढेकळं, उलटी.
खड्डा बंद झाला. आता त्यात
मीठसुद्धा घालता येत नाही.

आणि चढावर दोर तुटला.
घर तिरपं होऊन थांबलं, दार उघडं पडलं,
आतून एक चमचा घरंगळत आला.
कुणीतरी पलीकडच्या वाडीला धावलं.
तासाभरात तीन जोड्या आल्या.
तीन जोड्या, म्हणजे अठराजण.

मी वही घेऊन तिच्यामागे. बहात्तर झाले!
ती पानांच्या कडेनं निघणारी वाफ हुंगत होती.
मग मला काय विचारतेस, भाग.

भागलं. तीन आले.
बाकी शून्य, इतकी नीट
की मला राग आला.

घर वर पोचलं, खिडकी समुद्राकडे नाही, चर्चकडे झाली,
रोसाल्बा म्हणाली, असू दे.
जेवताना कुणी बटाटे मोजले नाहीत.
एकट्या आबेलिनोनं मोजले, चौथा कुठे म्हणाला.
तोच तो, ओरडणारा.

अंधार पडताना लक्षात आलं,
बहात्तरांत एदुविना नव्हती. मीही नव्हते.
वहीत आम्हा दोघींसाठी घरच नव्हतं,
रेघांच्या वरही नाही, खालीही नाही.

ती पालथ्या बादलीवर बसली होती.
एप्रनच्या खिशातून दोन बटाटे काढले,
अजून ऊन, एकाला माती लागलेली.
मातीचा स्वतःकडे ठेवला.

दोनशे सोळा नव्हतेच तर ते, मी म्हटलं.
ती साल सोलत राहिली.