तेरावी फाईल

घटक तीन : वेतनाचे प्रकार.
सहा मिनिटांचा पॉडकास्ट, दोघांनी मिळून करायचा,
स्वतःच्या शब्दांत. पुस्तक वाचून दाखवलंत तर शून्य.
केगावच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा
पंखा गरम हवाच ढवळत होता
आणि बेचाळीस डिग्रीत कुणी हरकत घेतली नाही.

आता रविवारी दुपारी एकेक फाईल उघडतेय.
एकाने पुस्तकच वाचलंय, स्वल्पविरामांसकट.
एकीने सुरुवातीला तुतारी लावलीय.
बसवराज हत्तुरे आणि इरफान नदाफ
किमान वेतन समजावता समजावता इतके हसलेत
की मलाही हसू आलं. एक गुण कापला.

तेराव्या फाईलमध्ये आधी माग ऐकू येतो,
खटक्-खटक्, भिंतीपलीकडचा.
मग लावण्या येमूल, चादरीच्या आतून, कोंडल्या आवाजात :
"नमस्कार. रात्रीचा एक वाजलाय.
शेजारचा कारखाना थांबायची वाट बघितली,
पण आज त्यांची डबल पाळी आहे. सॉरी मॅडम."
जोडीदाराच्या रकान्यात नुसती रेघ.
ऐश्वर्या मादास सुट्टीनंतर आलीच नाही,
भिवंडीला दिली म्हणतात.

"नगावर वेतन म्हणजे," लावण्या सुरू करते,
"जितके नग, तितके पैसे."
तेवढ्यात चादरीबाहेरून : "अट्ला कादु."
तसं नाही.
आणि पुढे मराठीत, पण त्याच हेलात :
"हजार दिल्या की हजाराचे मिळतेत होय?
छाट कोण धरणार? शंभरेक बाजूला काढतंय,
पैसे देत नाही, बिड्या पण परत देत नाही.
हे लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

कात्रीचा आवाज. ओलं पान कापल्याचा.
लावण्या गप्प. अकरा सेकंद, मी मोजले.
"नाही अम्मा. नाही लिहिलेलं."
मग चादर बाजूला सारल्याची सळसळ,
माग एकदम मोठा होतो,
आणि उरलेली चार मिनिटं लेक फक्त विचारत जाते.

गुणांचा तक्ता मीच बनवलेला.
आवाजाची स्पष्टता, दहापैकी : चार. इलाज नाही.
संदर्भ, दहापैकी :
इथे मी उठून चहा ठेवला.

आठ वर्षं हा घटक शिकवतेय.
माझी व्याख्यानं पोर्टलवर आहेत, बंद खोलीतली,
खोकलासुद्धा कापून टाकलेली.
एकोणीस जणांनी उघडली.
त्यांतली पाच-सहा वेळा मीच, लागतंय का बघायला.
छाट हा शब्द त्यांत कुठेही नाही,
आणि माझं माहेर अशोक चौकातलं.

पोर्टलला जोडीदाराचा आसनक्रमांक हवा असतो.
नरसव्वा येमूल असं लिहिलं की रकाना लाल होतो.
तीनदा लिहिलं.

येत्या जूनमध्ये, दोघींना विचारून,
घटक तीनला हाच भाग लावीन म्हणते, मागासकट.
विभागप्रमुख म्हणतील, आवाज साफ करून घ्या.
बघू.
पोरं तशीही सहा मिनिटं धीराने ऐकत नाहीत,
बसमध्ये, जेवता जेवता, दीडपट वेगावर टाकतात.
मग मागही दीडपट धावेल,
अम्माची कात्रीही,
आणि हजाराचा दर
तोच.