ऊंडाई

पादऱ्याजवळच्या शाळेत लोकसुनावणी.
इतिवृत्त लिहायला मी, दांडिया बाजारातला दिघे.

इंजिनीअर म्हणाला, दोन किलोमीटर खाली
खडक फोडू, वर कळणारसुद्धा नाही.
सरपंचांनी रस्ता मागितला,
विरोधकांनी सरपंचांचा हिशेब.
पंखा सगळ्यांचीच पानं उलटत होता.

मग जशोदाबेन पढियार उठल्या,
तंबाखूच्या चिकानं काळी बोटं, हातात सातबारा.
"यात गुंठे आहेत, शेढे आहेत, विहीरपण आहे.
ऊंडाई क्यां लखी छे?"

तलाठी हसला. मीही, थोडा.
साहेब म्हणाले, लिहा : चर्चा झाली.

रात्री चहा टाकला.
पाइपचा गॅस, लहानपणापासून घरात.
बायको ओरडली, अहो, उतू चाललाय!
मी ओट्याखाली वाकून
नळी कुठवर जाते ते बघत होतो.